मंडळाच्या रद्दीचं पोतं

रविवार, ६ जानेवारी

कॉलेजात असताना वही लिहायचो. मग नोकरी, लग्न, मुलगी यांत ती सवय सुटली. परवा ही म्हणाली, "तुमच्या डोक्यात जे चालतं ते कुठेतरी उतरवून ठेवा. निदान मला रात्रपाळीहून आल्यावर झोपू तरी द्याल." ही म्हणजे माझी बायको. ती नर्स आहे. या वहीतही तिला घरातल्यासारखं 'ही'च म्हणेन.

एक नियम घालून घेतो. जे घडलं ते घडलं तसं लिहायचं आणि स्वतःला सूट द्यायची नाही. माझं कामही तेच आहे. दुकानादुकानांतून वजनकाटे तपासायचे. काटा खोटा निघाला तर दुकानदार हमखास म्हणतो, "साहेब, मला माहीतच नव्हतं." इतक्या वर्षांत मी त्यावर कधी विश्वास ठेवलेला नाही.

लिहायला सुरुवात करायचं कारण शाळा. सहावीच्या मुलांसाठी यंदा निवड चाचण्या आहेत. दोन सरावाच्या आणि तिसरी खरी. तिसरीत पहिले वीस येतील ते पुढल्या वर्षी 'अ' तुकडीत. तिथे प्रयोगशाळा आणि गणिताच्या जुन्या बाई. उरलेले 'ब' मध्ये, तिथे काय ते कोणी नीट सांगत नाही. पहिली चाचणी झाली. आमच्या बिट्टीला पंचवीसपैकी अकरा.

आज कोंबडीमंडळ पोस्टमनकाकांच्या परसात जमलं. आमच्या गल्लीत सात घरं, सात परसं, सातही जणांकडे कोंबड्या. औषध एकत्र आणायचं, कोणी गावाला गेलं की बाकीच्यांनी खुराडी उघडायची-लावायची, अशी आमची पद्धत. विषय होता पिसं झडण्याचा. पाच मिनिटांत चाचणीवर आला.

"माझी पांढरी महिनाभर अंडं देत नाही," शिवणताई म्हणाल्या. "आणि पोरीला पंचविसात दहा. दोघींना एकच दाणा चालू आहे की काय, कळत नाही."

सगळे हसले. शिवणताई आमच्या भिंतीपलीकडे राहतात, घरीच शिवणकाम करतात. नवरा बोटीवर असतो, वर्षातून दोनदा येतो. मुलगी घारी, बिट्टीच्याच वर्गात. दहा आणि अकरा. मला जरा बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

मंगळवार, ८ जानेवारी

खुराड्यात अंथरायला भुसा परवडेनासा झाल्यापासून शाळेचे क्लार्कसाहेब (तेही मंडळातलेच, गल्लीच्या तोंडाशी राहतात) शाळेतली रद्दी आणतात. आजवर मशीनमधून बारीक पट्ट्या होऊन यायची. आज ग्रुपवर त्यांचा निरोप: "मशीन बिघडले आहे. कागद अख्खे आहेत. कृपया आपापल्या घरी हाताने फाडून घ्यावेत. पोते शिवणताईंच्या पायरीवर ठेवले आहे."

मी त्यांना विचारलं, "शाळेचे कागद असे बाहेर आणणं बरोबर आहे का?"

"अहो, जुनी परिपत्रकं आणि डाग पडलेल्या झेरॉक्स. कोंबड्या वाचणार आहेत थोड्याच?"

त्यांच्या साधेपणाचं मला नेहमीच थोडं आश्चर्य वाटतं.

सात घरांच्या वाटण्या करायला कोणी तयार नव्हतं. बिट्टीला जा म्हटलं तर नाक मुरडून गेली. आली तेव्हा मात्र गप्प होती. आमच्या वाटणीचे कागद घेऊन बराच वेळ मागे बादली उपडी घालून फाडत बसली.

शुक्रवार, ११ जानेवारी

बिट्टीत मोठा फरक पडला आहे. क्लार्कसाहेब आता एक दिवसाआड पोतं ठेवतात आणि ती शाळेतून आल्या आल्या शिवणताईंच्या पायरीवर जाऊन वाटण्या करते. कोणाला सांगावं लागत नाही. "बाबा, मीच करते, तुम्ही नका," म्हणाली. हिला सांगितलं, जबाबदारी टाकली की मुलं अशी सुधारतात. ही म्हणाली, "हं." चोवीस तास जागी होती, तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा करणं योग्य नव्हे.

मी रोज सकाळी पाऊण तास तिचं गणित घेतो. अपूर्णांक कच्चे आहेत.

शनिवार, १९ जानेवारी

दुसऱ्या चाचणीचा निकाल. बिट्टीला वीस! अकरावरून वीस. पाऊण तासाचं सोनं झालं. मी तिच्या पाठीवर थाप मारली तर ती आक्रसली. लाजाळू आहे.

आणि घारीला बावीस.

दहावरून बावीस. मी तीनदा विचार केला की हा मत्सर आहे का. असेलही थोडा. पण माझा पेशाच असा की काटा एकदम बारा खुणा पुढे सरकला तर मी दुकानदाराचं अभिनंदन करत नाही. घारीला शिकवणार कोण? आई दिवसभर मशीनवर, बाप समुद्रात. क्लासला जात नाही.

सोमवार, २१ जानेवारी

आज काही गोष्टी ध्यानात आल्या. जशा आहेत तशा मांडतो, निष्कर्ष काढत नाही.

एक, पोतं नेहमी शिवणताईंच्याच पायरीवर का? क्लार्कसाहेबांचं घर गल्लीच्या तोंडाशी, ताईंचं मध्यावर. दोन, चाचण्यांच्या झेरॉक्स शाळेच्या ऑफिसात क्लार्कसाहेबच काढतात. तीन, गेल्या आठवड्यात ताईंनी क्लार्कसाहेबांच्या घरचे सगळे पडदे शिवून दिले. काल भिंतीवरून सहज विचारलं, "पडद्यांचं काम मोठं असेल ना?"

"चार खिडक्या, भाऊ. मोठं कसलं? त्यांनी आमच्या खुराड्याला जाळी ठोकून दिली, मी पडदे शिवले. फिटंफाट."

फिटंफाट. हा शब्द दिवसभर डोक्यात राहिला.

बिट्टीला विचारलं, "तू पायरीवर जातेस तेव्हा पोत्याचं तोंड उघडलेलं असतं का? आधी कोणी कागद चाळलेले असतात का?"

ती एकदम म्हणाली, "मला काय माहीत?" मग म्हणाली, "का विचारताय?"

"सहजच."

त्यानंतर ती जेवली नाही. मैत्रिणीबद्दल असं विचारलेलं तिला लागलं असणार. मी यापुढे मुलीला यात ओढणार नाही.

बुधवार, २३ जानेवारी

काळी कोंबडी खुडूक झाली. पोस्टमनकाकांकडून नऊ अंडी आणली आणि सकाळी तिला कोपऱ्यातल्या टोपलीत बसवली. आता एकवीस दिवस. मंडळाचा नियम सगळ्यांना पाठ आहे. खुडूक कोंबडीला हलवायचं नाही, टोपलीला हात लावायचा नाही, नाहीतर ती उठते आणि अंडी वाया जातात. घरात जाहीर करून टाकलं.

बिट्टी शाळेच्या तयारीतून धावत आली. "बाबा, त्या टोपलीत नको! दुसरी घ्या ना."

"का गं? खाली तुझेच फाडलेले कागद आहेत, मऊ आहेत."

"ती... ती जुनी आहे टोपली."

"कोंबडीला नव्या-जुन्याचं काय? बसली बघ कशी."

काळीनं अंग फुगवून गुरगुर केली. बिट्टी तिच्याकडे पाहत उभी राहिली आणि तिचे डोळे भरले. पिल्लांचं तिला फार आहे.

रविवार, २७ जानेवारी

मंडळ आमच्याकडे जमलं. मी मुद्दामच चाचणीचा विषय काढला आणि क्लार्कसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

"तिसऱ्या चाचणीचा पेपर छापून झाला का हो?"

"झाला आणि दोनदा झाला," ते हसत म्हणाले. "पहिल्यांदा शाई पसरली. दुसऱ्यांदा काढायला घेतला तर गणिताच्या बाई म्हणाल्या, थांबा, एक गणित बाजारातल्या गाइडमधलं आलंय, आकडे बदलते. आमचं मशीन म्हणजे, इन्स्पेक्टर, तुमच्या त्या पांढरीसारखं. मनात आलं तर देतं."

"पांढरी माझी आहे," शिवणताई म्हणाल्या, "आणि ती कालपासून देतेय. उगाच बदनामी नको."

इतक्या सहज हसत बोलणाऱ्या दोन माणसांच्या पोटात काही असेल का? माझा अनुभव असा की खोटा काटा ठेवणारेच चहा आग्रहानं पाजतात. पण चहा तर मीच पाजत होतो.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

आज तिसरी चाचणी झाली. बिट्टीचे हात बर्फासारखे होते. जाताना दोनदा खुराड्याकडे गेली आणि काळीनं टोचलं म्हणून बोट चोखत परत आली. "तिच्याजवळ जाऊ नको म्हटलं होतं ना?" मी ओरडलो. परीक्षेच्या दिवशी ओरडायला नको होतं.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

यादी लागली. पन्नासपैकी घारीला सत्तेचाळीस, चौथी. विसावा आलेल्या मुलाला चव्वेचाळीस. बिट्टीला त्रेचाळीस. एकविसावी.

एका गुणानं.

पेपर घरी दिला आहे. मी प्रत्येक गणित स्वतः करून पाहिलं. गेलेल्या सात गुणांपैकी दोन पाण्याच्या टाकीच्या गणितात गेलेत. 'एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा १२ तासांत; दोन्ही सोडले तर किती वेळ?' उत्तर ४ तास. बिट्टीनं मधली एकही ओळ न लिहिता सरळ '२ तास' लिहिलंय. हे आलं कुठून? मी उलटं काढून पाहिलं. दुसरा नळ ३ तासांचा असता तर २ अगदी बरोबर आलं असतं. म्हणजे रीत येते, वाचनात चूक. पण १२ चे ३ कसे वाचले जातील? दोन्ही आकडे एकमेकांसारखे जराही दिसत नाहीत. शेवटी घाबरटपणा म्हणून सोडून दिलं.

"नीट वाचत जा," मी तिला म्हटलं. "आलेलं गणित घालवलंस."

ती म्हणाली, "हो."

घारीचं टाकीचं गणित बरोबर आहे. बिट्टीनंच सांगितलं. घारीनं पाच ओळी लिहून सोडवलं म्हणे. पाच ओळी! पाठ केल्याशिवाय अकरा वर्षांचं मूल इतकं नीट मांडत नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका.

आधी स्वतःला तपासलं. बिट्टी एकविसावी आहे. वरचं एक नाव गेलं तर ती आत येते. हे मला माहीत आहे, हे माहीत असताना मी लिहितो आहे, म्हणून हे पत्र मलिन आहे का? दोन तास विचार केला. माझी मुलगी पहिली आली असती तरी मी हे लिहिलं असतं का? लिहिलं असतं असं मला वाटतं. 'वाटतं' हा शब्द खोडायला गेलो, पण राहू देतो.

आरोप केलेला नाही. फक्त वस्तुस्थिती: गुणांतली वाढ, रद्दीचं पोतं, पायरी, पडदे. 'चौकशी व्हावी' एवढंच. निनावी पत्र भेकड माणसं लिहितात, म्हणून सही केली. शेजारधर्म म्हणून नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली.

हिला सांगितलेलं नाही. थकलेली असते.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

घारीला वर्गातून उठवून नेलं. तासभर बसवलं. तिचं नाव यादीत 'राखून' ठेवलंय आणि पुढच्या शुक्रवारी आईला लेखी उत्तर घेऊन बोलावलंय. क्लार्कसाहेबांना चाचण्यांच्या कामावरून दूर केलं. ग्रुपवर त्यांचा निरोप आला: "आजपासून रद्दी मिळणार नाही. क्षमस्व." खाली कोणीतरी अंगठा टाकला.

म्हणजे शाळेलाही दम वाटला तर माझ्या म्हणण्यात. समाधान वाटायला हवं होतं. बिट्टी शाळेतून आली ती पांघरूण घेऊन झोपली. अंगात ताप नाही. ही तिच्याजवळ बसून राहिली आणि माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं.

शनिवार, ९ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण नियम नियम आहे.

शिवणताई भिंतीवरून नाही, दारातून आल्या. हातात शाळेचं पत्र.

"भाऊ, कोणीतरी आमच्याविरुद्ध लिहिलंय. कोण ते सांगत नाहीत. मला असल्या भाषेत उत्तर देता येत नाही. 'सबब' म्हणजे काय, 'खुलासा' कसा करतात, मला काय ठाऊक? मी गळे आणि बाह्या कापणारी बाई. तुम्ही शिकलेले. लिहून द्याल?"

मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, "बसा."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. पडदे का शिवले. पोतं पायरीवर का, तर सातही घरांना मधलं पडतं म्हणून, आणि तसं गेल्या वर्षी मंडळानंच ठरवलं होतं. मी त्या बैठकीला होतो. विसरलो होतो. घारीला कोण शिकवतं, तर पोस्टमनकाका, रोज सकाळी सहाला.

"हे ते कधी बोलले नाहीत?" मी विचारलं.

"घारीनंच शपथ घातली होती. म्हणाली, पहिल्या चाचणीत दहा मिळाले तेव्हा सगळे हसले. नंबर येईपर्यंत कोणाला सांगायचं नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "हसले तर मीच हसवलं होतं म्हणा."

उत्तर चांगलं झालं, कारण मी चांगलं लिहितो. आक्षेप काय आहेत ते मला आधीच तोंडपाठ होते, त्यामुळे एकही सुटला नाही. ताई जाताना म्हणाल्या, "तुमचे उपकार कसे फेडू?"

संध्याकाळी पोस्टमनकाकांकडे गेलो. त्यांनी घारीची वही दाखवली. पानंच्या पानं, पाच-पाच ओळींची गणितं. तरीही परत येताना मनात आलं, वही मागाहूनही भरता येते. माझ्या मनात असं येतं हे मी लिहून ठेवतो.

सोमवार, ११ फेब्रुवारी

बिट्टी घारीच्या शेजारी बसत नाही म्हणे. मैत्रीण अशी निघाल्याचा धक्का बसला असेल. "तिचं नाव खरंच काढणार का?" असं मला दिवसातून तीन वेळा विचारते. मी सांगतो, मोठी माणसं बघतील, तू अभ्यास कर.

बुधवार, १३ फेब्रुवारी

नवापैकी सात पिल्लं निघाली. दुपारपर्यंत सुकली, काळी त्यांना घेऊन खाली उतरली. मी टोपली साफ करायला घेतली. हे काम नेहमी बिट्टीचं. पण ती आज मागच्या दारापर्यंतही आली नाही.

कवचं काढली, वरचा चुरा काढला. तळाशी एक अख्खा कागद होता, चार घड्या घातलेला. शाई पसरलेली, पण वाचता येत होता. निवड चाचणी, तिसरी. सातवं गणित: एक नळ ६ तासांत, दुसरा ३ तासांत.

मी टोपलीशेजारी तसाच बसून राहिलो. पिल्लं माझ्या चपलेवर चढत होती.

मग मी एक गोष्ट केली, ती लिहितो. कागद खिशात घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला. त्यावर पातेलं नव्हतं. ही दारात उभी होती.

"काय जाळताय?"

मी कागद दिला. तिनं वाचला. तिला गणित कळायला वेळ लागला नाही.

"घारीचं नाव तुम्ही घातलंत ना त्या पत्रात?"

मी तिला सांगितलंच नव्हतं. "तुला कसं कळलं?"

"अहो, एवढ्या वर्षांत तुम्ही पडद्यांची चौकशी केलेली मी कधी पाहिली नाही." तिनं गॅस बंद केला. "तिला हाक मारू की तुम्ही मारता?"

बिट्टीला बोलावलं. कागद बघून ती रडली नाही. जणू बऱ्याच दिवसांची वाट पाहणं संपलं. पहिल्या पोत्यात दुसऱ्या चाचणीचा कागद सापडला होता, तो पाठ करून फाडून टाकला. हा टोपलीत लपवला आणि दुसऱ्याच दिवशी मी त्यावर कोंबडी बसवली. एकदाच वाचला होता. आकडे बदललेत हे तिला पेपर हातात आल्यावरही दिसलं नाही, आठवलं ते लिहून आली.

"मी सांगणार होते," ती म्हणाली. "मग घारीला नेलं. मग सांगताच येईना."

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आम्ही तिघं शाळेत गेलो. मोठ्या बाईंच्या खोलीत शिवणताई, घारी आणि क्लार्कसाहेब आधीच बसलेले. ताईंच्या हातात माझ्या अक्षरातलं उत्तर. आम्हा तिघांना पाहून त्यांचा चेहरा खुलला. "बघा, भाऊ आलेत. साक्ष द्यायला आलात ना?"

बिट्टीनं कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं. सगळं, क्रमानं. मी इतकं नीट सांगू शकलो नसतो.

मोठ्या बाईंनी विचारलं, "पण का केलंस गं? तू काही वाईट विद्यार्थिनी नाहीस."

"आमच्या खुराड्यावर पाटी आहे," बिट्टी म्हणाली. "कुठल्या कोंबडीनं आज अंडं दिलं नाही ते बाबा तिच्यावर लिहितात. त्याच्या खाली माझे मार्क लिहितात."

 क्लार्कसाहेबांनी खाली पाहिलं. त्यांनी ती पाटी पाहिली आहे, मंडळातल्या सगळ्यांनीच पाहिली आहे. मी या वहीत तिचा कुठेच उल्लेख केलेला नाही. लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

निर्णय लगेच झाला. घारीचं नाव कायम. बिट्टीच्या दोन्ही चाचण्या रद्द, पुढल्या वर्षी 'ब'. क्लार्कसाहेबांना ताकीद, कागद फाडल्याशिवाय बाहेर नेल्याबद्दल. मग मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या आणि अगदी सरळपणे म्हणाल्या, "आणि तुमचं ते सहा तारखेचं पत्र. ते आता मागे घेतलं असं लिहून द्याल ना?"

नाव गुप्त ठेवायचं त्या विसरल्या, की विसरल्या नाहीत, हे मला ठरवता येत नाही. ठरवायचा अधिकारही राहिलेला नाही.

शिवणताईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या उत्तराकडे. मोठ्या बाईंच्या टेबलावर माझं पत्र होतं, त्याच निळ्या शाईतलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, कापडाचे काठ जुळवून बघतात तसे.

"तरीच," त्या म्हणाल्या. "तरीच म्हटलं, भाऊंना सगळे आक्षेप न वाचता कसे ठाऊक."

बाहेर पडताना मी त्यांच्या मागे गेलो. "ताई, मी—"

"आत्ता नको."

घारी मात्र बिट्टीजवळ थांबली. "तीनचं गणित सोपं होतं गं," म्हणाली. "बाराचं कठीण." आणि आईच्या मागे पळत गेली.

शनिवार, १६ फेब्रुवारी

सकाळी खुराड्यावरची पाटी काढली. बिट्टी बघत होती. म्हणाली, "कोंबड्यांचं लिहिलंत तर चालेल."

दहा वाजता शिवणताई दारात आल्या. बसल्या नाहीत.

"आठवडाभर गल्लीत माझ्याकडे बघून लोक बोलायचे थांबायचे, भाऊ. क्लार्कसाहेबांच्या बायकोनं पडदे उतरवून परत पाठवलेत, धुऊन, इस्त्री करून. हे मी एकेकाच्या दारात जाऊन निस्तरू का? तुम्ही लिहा. ग्रुपवर. तुमच्या नावानं."

"लिहितो."

"मी थांबते."

मी जेवणाच्या टेबलावर बसलो, त्या उभ्याच. ही मधल्या दारात. बिट्टी कुठे गेली नव्हती, तिला जा म्हणायचं मला सुचलं नाही. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. प्रत्येक वेळी वाक्य आपोआप वळसा घ्यायचं. 'परिस्थितीमुळे', 'उपलब्ध माहितीवरून', 'सद्हेतूने'. आयुष्यभर दुकानदारांकडून ऐकलेलं सगळं माझ्याच हातातून येत होतं. पाचव्यांदा हे झालं:

"चाचणीचे कागद रद्दीतून माझ्या मुलीने घेतले होते. घारीने नाही. क्लार्कसाहेबांनी कोणाला दिले नव्हते. शाळेत तक्रार मी केली होती. माझ्या गैरसमजामुळे शिवणताईंना आणि क्लार्कसाहेबांना त्रास झाला. मी माफी मागतो."

फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ओठ हलवत सगळं वाचलं.

"गैरसमज काढा," त्या म्हणाल्या.

"मग काय लिहू?"

"संशय. गैरसमज व्हायला दोघांचं काहीतरी बोलणं व्हावं लागतं. तुम्ही मला विचारलं कधी होतं?"

पडद्यांबद्दल विचारलं होतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. आलं होतं, हे लिहून ठेवतो. बोललो नाही. शब्द बदलला आणि पाठवलं.

त्यांच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी तो बाहेर काढून स्वतःच्या फोनवर पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं, मग गेल्या. दुपारपर्यंत सातही घरांनी वाचलं होतं. कोणी उत्तर दिलं नाही. चारच्या सुमारास पोस्टमनकाकांचं आलं, ते माझ्यासाठी नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, घारीबरोबर बिट्टीही सोमवारपासून सकाळी सहाला येणार का.

मी फोन बिट्टीला दिला. तिनं बराच वेळ घेतला. काय लिहिलं ते मी पाहिलेलं नाही.